चौघांच्या सह्यांचा कागद

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चार शहाणे बसत. त्यांतला सगळ्यांत शहाणा मी, असं माझं मत होतं. बाकीच्या तिघांचंही स्वतःबद्दल नेमकं तेच मत होतं, म्हणून आमचं जमत असे. ओटा वैद्यांच्या दवाखान्याचा, भाईंदरच्या बाजारातून स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवरचा. वैद्य मऊ मनाचे. रोग्याला कडू काढा पाजताना स्वतःच तोंड वाकडं करायचे. दुसरे शाळेचे मास्तर. त्यांना जगातलं सगळं येत होतं, फक्त शिकवता येत नव्हतं. तिसरा उत्तनचा ख्रिस्ती, चर्चच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारा आणि एका होडीत भागीदार असलेला. त्याला आम्ही उत्तनकर म्हणायचो. त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची आणि दिसली नाही तर तो बेचैन व्हायचा. चौथा मी, मिठागराच्या कचेरीतला कारकून. तिथे आम्हाला मेहताजी म्हणत, आणि तेवढ्यावरच मी फुगून बसायचो.

दरवर्षी शिमग्याच्या सुट्टीत भाईंदरला नाटकांच्या चढाओढी होत. गोडदेव, राई, मुर्धा, उत्तन, वरसावे, जिथे म्हणून चार मिशीवाले आणि एक उसनी पैठणी सापडे, तिथलं मंडळ यायचं. मांडव घालणारे अध्यक्ष म्हणजे आमच्या मिठागराचे मालक. पदकंही त्यांचीच. आणि सगळ्यांत मोठं पहिलं पदक, जे साऱ्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम नटाला द्यायचं, ते सलग तीन वर्षं त्यांच्याच सख्ख्या भाच्याला मिळालेलं.

भाचा म्हणजे काय वर्णावा! रंगमंचावर आला की आधी उजवा हात वर करायचा, मग डावा, मग दोन्ही. एवढ्यात त्याचा अभिनय संपायचा. आवाज मात्र दांडगा होता. पहिल्या रांगेत आमचे मुकादम बसवलेले असत. भाच्यानं श्वास घ्यायला तोंड मिटलं की ते टाळ्या पिटत. एकदा त्याचा टोप सरकून कानावर आला तरी मुकादमांनी ‘वन्समोर’ दिला. बिचाऱ्याला वाटलं, टोपालाच दिलाय, आणि त्यानं तो पुन्हा सरकवून दाखवला.

या सगळ्या तमाशावर आम्ही चौघांनी एक खेळ काढला होता. खेळ कसला, माझीच शक्कल ती, आणि तिचा मला भारी अभिमान. शेवटचं नाटक संपलं आणि निकाल लागायचा राहिला, की मधल्या तासाभरात आम्ही प्रत्येकानं सांगायचं, कुठलं पदक कोणाला मिळणार. कोणाला मिळायला हवं ते नव्हे. कोणाला मिळणार! हा भेद मी नवख्या माणसाला बोट नाचवून समजावत असे. ज्याचे अंदाज सर्वांत जास्त खरे निघतील त्याला वर्षभर ओट्यावरची एकुलती एक आरामखुर्ची. सर्वांत मागे राहील त्यानं वर्षभर सगळ्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. चांगले पोक्त, बायकामुलांचे बाप आम्ही, आणि एका खुर्चीसाठी चार-चार दिवस अबोला धरायचो. आता आठवलं तरी स्वतःची कीव येते.

अंदाज कोणी मागाहून फिरवू नये म्हणून ते सगळे एका कागदावर मी उतरवून काढी, खाली चौघांच्या सह्या घेई, आणि कागद पाकिटात घालून स्टेशनमास्तरांकडे ठेवायला देई. माझा हात कचेरीत घडलेला. मिठाच्या पावतीपासून रजेच्या अर्जापर्यंत मी जे लिहीन त्याला वर ठळक मथळा, डावीकडे समास, मुकाम, तारीख, खाली रेघ मारून सह्या. घरी बायकोला वाणसामानाची यादी दिली तरी तिला मथळा असे. तसाच या कागदालाही होता: ‘नाट्यस्पर्धा, मुकाम भाईंदर. पदकांचे मानकरी.’ मास्तर म्हणायचे, काय अक्षर आहे, सरकारी गॅझेट वाटतं. मी ‘छे छे’ म्हणायचो आणि मनातून सुखावायचो.

मी सांगतोय ते वर्ष लढाईचं. रात्री दिवे लावायला बंदी, म्हणून त्या साली नाटकं भर दुपारी झाली. फाल्गुनातलं ऊन, वर फाटकं कनातीचं कापड, आणि खाली राजे-राण्यांच्या तोंडावरून सफेदा ओघळतोय. पेट्रोमॅक्सच्या उजेडात जे खपून जायचं ते सगळं उघडं पडलं. राईच्या मंडळाची राजकन्या अगदी दाढीसकट दिसली.

गोडदेवच्या मंडळात बाईचं काम करणारा माणूस आमच्याच मिठागरावर मीठ ओढायला होता. पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप, बोलायला कमी. मिठागरावर काम म्हणजे सकाळपासून खाऱ्या पाण्यात पाय, आणि हातात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. दोन-चार हंगामांत तळपायाला आणि तळहाताला अशा चिरा पडतात की त्यांत दाणा अडकावा. हा माणूस जेवणाच्या सुट्टीत एका बाजूला बसून हाताला कोकमाचं तेल चोळायचा. बाकीचे त्याला ‘वहिनी’ म्हणून चिडवायचे. तो हसून पुन्हा चोळायचा.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी तो कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही. मेहताजीनं लगेच मान वर करायची नसते. शेवटी तोच बोलला.

“मेहताजी, एक इचारू? पयला पदक बाईच्या कामाला देतात का वो?”

“कोणत्याही कामाला देतात,” मी म्हटलं. “का रे?”

मग त्यानं सांगितलं. एक फिरती नाटक कंपनी होती. बोलपटांनी असल्या कंपन्यांचं कंबरडं मोडलेलं, तरी ही कशीबशी तग धरून होती. तिच्या माणसानं याचं काम वसईला पाहिलं होतं. तो म्हणाला होता, की नुसत्या माझ्या सांगण्यावर कंपनीचे मालक तुला घेणार नाहीत. भाईंदरचं पहिलं पदक घेऊन ये, मग मी तुला उभा करतो. कंपनी पावसाळ्याआधी वऱ्हाडात निघणार होती.

“पदक गावला तं जाईन,” तो म्हणाला. “न्हाय गावला तं न्हाय. पुढच्या साली जमायचा न्हाय.”

“का?”

त्यानं दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे-उताणे करून दाखवले. “अजून एक हंगाम झाला का हे हात कोनी बाईचे म्हननार न्हाय.”

मी ‘बघू, बघू’ म्हटलं. जणू पदक माझ्याच खिशात होतं.

गोडदेवचं नाटक शेवटचं होतं. तो लुगडं नेसून आला आणि ऊन थेट त्याच्या पायांवर. पुढच्या रांगेतले मुकादम त्या भेगाळलेल्या टाचांना हसले. भाचा तर मुद्दाम खाली वाकून बघत होता. प्रवेश असा होता, की बाई सुपात तांदूळ निवडतेय आणि तिला निरोप येतो, नवऱ्याची होडी परतली नाही. नाटकातल्या बायका अशा वेळी काय करतात ते आम्हाला पाठ. हंबरडा, छाती पिटणं, पेटीचा सूर, पद. यानं काही केलं नाही. निरोप ऐकला, मान खाली घातली, आणि तांदूळ निवडत राहिला. एक खडा काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला. मग हात चालायचा थांबला, सूप मात्र मांडीवरच. पेटीवाल्यानं दोनदा सूर दिला, यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या बाजूला उत्तनच्या कोळणी बसल्या होत्या. त्यांच्यात एरवी कुजबूज थांबत नसे. त्या सगळ्या गप्प झाल्या, आणि त्यांतली एक उठून मांडवाबाहेर निघून गेली.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. असं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. इतकं कळत होतं मला. कळत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

नाटक संपल्यावर आम्ही चौघे मांडवामागच्या चहाच्या बाकड्यावर जमलो. मी कागद काढला. पहिल्या पदकासाठी मास्तरांनी भाच्याचं नाव सांगितलं. उत्तनकर म्हणाला, “भाचाच! परीक्षक दुपारी कुणाकडे जेवला माहीत हाय ना? अध्यक्षाकडे. श्रीखंड होता.” वसईचे निवृत्त हेडमास्तर परीक्षक होते. उपरण्यात मान खुपसून बसायचे. जागे आहेत की झोपलेत याचा पत्ता लागत नसे. श्रीखंडाची बातमी ऐकून मीही भाच्याचं नाव लिहिलं. यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वैद्य मात्र डोळे पुसत होते. म्हणाले, “माझं गोडदेवच्या माणसाचं लिहा.”

“अहो, वैद्यबुवा!” मी म्हटलं. “मिळणार कोणाला ते सांगायचंय. मिळावं कोणाला ते देवळात जाऊन सांगा.”

“तरी लिहा.”

“म्हणजे यंदा पेपर तुम्हीच वाचणार. वाचा, वाचा. पण दरवर्षी हे असंच होतं. तुम्हाला खेळ कळत नाही. जग कसं चालतं ते ज्याला दिसतं त्याचाच हा खेळ आहे. रडायचं असेल तर कोळणींत जाऊन बसा.”

मास्तर खो-खो हसले. उत्तनकरानं वैद्यांच्या पाठीवर थाप मारली. वैद्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “बरं बाबा, लिहा भाच्याचं.” मी लिहिलं. कागदावर एकाखाली एक चार नावं, चारही सारखीच. मथळा, समास, रेघ, हुद्द्यांसकट चार सह्या. एकमतानं. सुबक दिसत होता.

स्टेशनमास्तर त्या दिवशी भेटले नाहीत. लष्करी गाड्यांमुळे त्यांना स्टेशन सोडता येत नव्हतं. मग पाकीट ठेवायचं कोणाकडे? मीच म्हटलं, अध्यक्षांकडे देऊ, गावात त्यांच्याइतका वजनदार माणूस कोण? व्यासपीठावर जाऊन मी ते त्यांच्या हाती दिलं. “ठेवा हे, निकालानंतर नेतो,” म्हटलं. अध्यक्षांना चष्म्याशिवाय दिसत नसे, आणि मोठ्या माणसानं चारचौघांत चष्मा लावायचा नाही अशी त्यांची समजूत. ताशेवाले मागे ताशा बडवत होते. त्यांनी माझं काय ऐकलं देव जाणे. ‘हां हां’ केलं, आणि पाकीट तसंच शेजारच्या टेबलावर परीक्षकांच्या कागदांत नेऊन ठेवलं. मी ते खालून पाहिलं. कचेरीतला माणूस मी. साहेबांच्या हातून गेलेला कागद मागं मागायला गेलो नाही.

तासाभरानं निकाल झाला. पहिलं पदक, भाचा. मुकादमांनी टोप्या उडवल्या. भाच्यानं आधी उजवा हात वर केला, मग डावा. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली: पाहिलंत? सांगितलं नव्हतं? गोडदेवचा माणूस मांडवाच्या खांबाशी लुगडं सोडून धोतरात उभा होता. तोंडावरचा सफेदा अजून पुरता निघाला नव्हता. निकाल ऐकून त्यानं टाळ्या वाजवल्या. मग तांदळाचं सूप उचललं आणि मंडळाच्या पेटाऱ्यात नीट ठेवलं.

परीक्षकांना गाडीवर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. स्टेशनच्या वाटेवर मी गप्प राहिलो असतो तर किती बरं झालं असतं! पण जिभेला खाज. मी म्हटलं, “निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला म्हणायचा.” आवाजात जेवढा तिरकसपणा घालता आला तेवढा घातला. श्रीखंडाचा वास यावा म्हणून.

म्हातारा थांबला. उपरण्यातून मान वर काढून माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, “तुमच्या मंडळींचे आभार मानायचेच राहिले. त्या अभिप्रायाबद्दल.”

“कसला अभिप्राय?”

“तुम्हा चौघांच्या सह्यांचा कागद. खरं सांगू? मी गोडदेवच्या त्या बाईचं काम करणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं. शाई वाळली होती. इतकं शांत काम मी कुठं पाहिलं नाही. मग अध्यक्षांनी तो कागद दिला. उघडून पाहतो तर शाळेचे मास्तर, वैद्य, मिठागराचे अधिकारी, ख्रिस्ती समाजाचे गृहस्थ, चौघेही एकमुखानं दुसरंच नाव सांगतायत. मनात आलं, मी परगावचा, आता माझी नजरही अधू झाली. इथली जाणती माणसं रोज पाहणारी. माझंच काही चुकलं असेल. चारांतल्या एकानं जरी त्याचं नाव लिहिलं असतं, तर मी माझा निकाल बदलला नसता.”

समोर सिग्नल पडला होता. मला सांगता आलं असतं, की अहो तो खेळ होता, खुर्चीसाठीचा, तो कागद फाडा आणि मागं चला. मांडव अजून सुटला नव्हता. अध्यक्ष तिथेच होते. फक्त एवढंच कबूल करावं लागलं असतं, की तुम्हाला विकले गेलेले समजून आम्ही ती नावं लिहिली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “वसईला उतरायला पुढचा डबा बरा पडेल.” गाडी आली, मी त्यांना हात देऊन चढवलं. त्यांनी खिडकीतून नमस्कार केला.

सुट्टी संपली आणि मिठागर पुन्हा चालू झालं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी तो कचेरीच्या दाराशी आला. या वेळी मी मान लगेच वर केली.

“मेहताजी, रागावू नका. तुमचा तो कागद असतो ना, कोनाला पदक गावनार तो. तुमी कोनाचा नाव लिवलाव?”

“तुझं,” मी म्हटलं.

बाकीच्यांचं त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं, तरी मी आणखी पुढे गेलो. “बाकी तिघांनी भाच्याचं लिहिलं. मी एकट्यानं तुझं.”

“मंग बरा,” तो म्हणाला. “मना वाटला, माझा कामच वाईट झाला. एकाला तरी दिसला.” आणि तो पाण्यात परत गेला. कोकमाचं तेल लावताना मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

नाटकही त्यानं सोडलं. मीठ ओढत राहिला. माझ्यावर मात्र त्याचा जीव जडला. गोडदेवच्या जत्रेत कुठंही दिसलो की हाताला धरून लोकांना सांगायचा, हे मेहताजी, भाच्याच्या मामाची चाकरी करतात, पन नाव माझा लिवला. एकदा सणासुदीला घरून वालाच्या शेंगा घेऊन आला. मी त्या घेतल्या.

दोनेक वर्षांनी त्याचा उजवा तळहात चिरेतून पिकला, आणि त्याला घेऊन मीच वैद्यांकडे गेलो. मास्तर, उत्तनकर, सगळे ओट्यावरच होते. वैद्यांनी त्याचा हात मांडीवर घेतला आणि जखम धुवायला लागले. दुखत असणार, म्हणून तो बोलत होता. बोलता बोलता हसून म्हणाला, “वैद्यबुवा, तुमी तं भाच्याचा नाव लिवलाव ना? हे एकटे मेहताजी, यांनी माझा लिवला.”

वैद्यांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा मिशीवरून बोट फिरवत होतो, ते तसंच राहिलं. मास्तर खोकले. मला वाटलं, आता वैद्य बोलतील, आणि बोललेच पाहिजेत.

“खरं आहे,” वैद्य त्याला म्हणाले. “आम्ही तिघं चुकलो.” आणि खाली वाकून पट्टी बांधायला लागले.